ट्यूलिपच्या लागवडीची कुळकथा

ऑक्टोबरात विकत आणलेला ट्यूलिपचा कंद उभा चिरला, तर जाड, रसाळ पापुद्र्यांच्या मधोमध एक इवलासा कोंब दिसतो. भिंग धरलं की त्यात फुलाच्या पाकळ्या आणि सहा पुंकेसर ओळखू येतात. वसंतात उमलायचं फूल लागवडीआधीच घडलेलं असतं. त्याला हवी असते फक्त थंडी. कंद शरदातच लावायचा रिवाज या गरजेपोटी आला, आणि ही गरज माळ्यांच्या बागेतली नव्हे, डोंगरातली.

ट्यूलिपचं माहेर मध्य आशियात, तिएनशान आणि पामीरच्या रांगांत. तिथे उन्हाळा रखरखीत, हिवाळा बर्फाचा. ओल आणि ऊब एकत्र लाभते ती वसंतातल्या मोजक्या आठवड्यांत. तेवढ्यात पान, फूल, बी सगळं उरकून झाड कंदात परततं. शरदात ओल लागली की मुळं धरतात, पण कोंब थांबून राहतो. साधारण 12 ते 16 आठवडे थंडी मिळाल्यावरच साठवलेल्या पिष्टाची साखर होते आणि दांडा उंच वाढू शकतो. थंडी कमी पडली तर फूल पानांतच खुजं राहतं, नाहीतर आतल्या आत सुकतं.

उस्मानी तुर्कांनी हे रानफूल बागेत आणून जोपासलं. 1562 मध्ये इस्तंबूलहून कापडाबरोबर काही कंद अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याकडे आले. त्याने ते कांदे समजून निखाऱ्यावर भाजले, तेल-व्हिनेगर घालून खाल्ले आणि उरलेले परसात कोबीशेजारी पुरले. ही हकीकत लिहून ठेवली वनस्पतितज्ज्ञ क्लुसियस यांनी. ते स्वतः 1593 च्या ऑक्टोबरात, म्हणजे ऐन लागवडीच्या दिवसांत, हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या बागेत रुजू झाले. 1594 च्या वसंतात त्यांचे ट्यूलिप फुलले. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांमागची निचऱ्याची जमीन आणि थंड हिवाळा कंदांना मानवला.

याच वेळापत्रकाने पुढे एक बाजारही घडवला. कंद जूनमध्ये उकरायचे आणि शरदात पुन्हा लावायचे. हिवाळाभर माल जमिनीखाली. म्हणून हार्लेमसारख्या गावांत गुत्त्यांमध्ये बसून केवळ कागदी करारांची खरेदी-विक्री होऊ लागली. फेब्रुवारी 1637 मध्ये भाव कोसळले, तेव्हा त्या हंगामाची फुलं अजून उमललीही नव्हती.

थंडीचं हे गणित शास्त्राने बरंच उशिरा मांडलं. 1920 च्या दशकात वागेनिंगेन इथे डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लाऊ यांनी कंदाची अवस्था आणि तापमान यांचा काटेकोर अभ्यास केला. आज शीतगृहात कृत्रिम हिवाळा देऊन भर थंडीतही फुलं बाजारात आणता येतात, ती या ज्ञानावर.

श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 मध्ये ट्यूलिपची बाग उभारली गेली. तिच्यासाठी कंद हॉलंडहून आणले जातात. एप्रिलच्या सहलींत मराठी माणसं तिथे आवर्जून जातात. त्या बहराचं श्रेय काश्मीरच्या हिवाळ्याचं आहेच, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफ्यात वाकून, टोक वर ठेवत एकेक कंद मातीत लावणाऱ्या हातांचंही आहे. बाग बघताना या हातांची आठवण ठेवायला हवी.