कार्नेशन : खुडणी, छाटणी व नूतनीकरण

(लॅ. डायँथस कॅरिओफायलस; कुल : कॅरिओफायलेसी). मूळची भूमध्य सागरी प्रदेशातील बहुवर्षायू वनस्पती. तिला रात्री 10 ते 15 व दिवसा 18 ते 24 अंश सेल्सिअस तापमान मानवते. विषुववृत्तालगतच्या दमट जागी, उदा., सिंगापूरच्या पुलाउ उबीन बेटावर, रात्रीही उकाडा राहत असल्याने छाटणीचा फारसा लाभ होत नाही. महाराष्ट्रात लागवड मुख्यतः पॉलिहाउसात; पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे व मावळ परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे.

खुडणी : या पिकात छाटणीपेक्षा खुडणीला (पिंचिंग) महत्त्व अधिक. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या की शेंडा खुडतात. काम सकाळी उरकतात, कारण तेव्हा रोप रसरशीत असते. एका हाताने पेर धरून दुसऱ्या हाताने शेंडा बाजूला वाकवला की तो कट्‌कन मोडतो. वर ओढल्यास रोप मुळांशी हलते आणि मग आठवडाभर मान टाकते. शेंडा गेल्याने खालच्या पेरांतून चार-पाच फुटवे येतात. तेवढ्यावर थांबल्यास फुले एकदम येतात. निम्मे फुटवे पुन्हा खुडल्यास ती दोन हप्त्यांत मिळतात. सगळेच खुडल्यास पहिला बहर लांबतो व दांड्या बारीक राहण्याची शक्यता असते. यांतील किफायतशीर पद्धत कोणती याबद्दल मतभेद आहेत. बरेच उत्पादक लग्नसराईचा अंदाज धरूनच निर्णय घेतात.

कळ्या काढणे : स्टँडर्ड प्रकारात बाजूच्या कळ्या काढून शेंड्याची एकच राखतात. स्प्रे प्रकारात नेमके उलट.

छाटणी : फुलाची दांडी कापणे हीच खरी छाटणी. खाली चार ते सहा पेरे राखून कापल्यास त्यांतूनच पुढचा बहर येतो. लांब दांडीला भाव चांगला, म्हणून पार बुडाशी कापण्याचा मोह होतो; त्याची किंमत पुढच्या बहराला मोजावी लागते. पॉलिहाउसातील झाडे साधारण दोन वर्षे ठेवून बदलतात.

जुन्या झाडांचे नूतनीकरण : कुंडीतील वा बागेतील झाड दोन-तीन वर्षांत बुडाशी लाकडासारखे टणक व पर्णहीन होते. अशा खोडाला नवी फूट क्वचितच येते. म्हणून गुलाबाप्रमाणे खोलवर न छाटता हिरवी पाने असलेल्या भागापर्यंतच कापतात. खात्रीचा उपाय म्हणजे छाटकलम : कळी न धरलेला 10 ते 15 सेंमी. लांबीचा बगलफुटवा घेऊन, खालची पाने काढून, निचऱ्याच्या माध्यमात लावतात. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. दाब कलमानेही रोपे होतात.

रोग : फ्युजेरियम बुरशीमुळे होणारा मर रोग सर्वांत घातक. कात्रीवाटेही तो पसरू शकतो, म्हणून ती वरचेवर निर्जंतुक करतात. मर लागलेल्या झाडाचे नूतनीकरण होत नाही आणि त्याची कलमेही घेत नाहीत. ते मुळासकट उपटून नष्ट करतात.