लाव्हा दिवा, घरगुती

लाव्हा दिवा, घरगुती : पाणी, खाद्यतेल, रंग आणि इनो यांच्या साहाय्याने मुलांनी करावयाचा विज्ञानप्रयोग. यात रंगीत पाण्याचे गोळे तेलातून वर चढतात आणि पुन्हा तळाशी उतरतात. मूळ शोभेचा लाव्हा दिवा ब्रिटनमधील एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी १९६३ मध्ये बाजारात आणला. त्यात बल्बच्या उष्णतेने मेण प्रसरण पावून वर जाते व निवल्यावर खाली बसते. घरगुती दिव्यात उष्णतेचे काम वायू करतो.

कृती : पारदर्शक बाटलीत पाव भाग पाणी घेऊन त्यावर शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल ओततात, तोंडाशी तीन-चार बोटे जागा सोडतात. थर वेगळे झाले की खाण्याच्या पातळ रंगाचे काही थेंब टाकतात. थेंब तेलात न विरघळता मण्यासारखा खाली उतरतो, पाण्याच्या पृष्ठभागावर क्षणभर अडतो आणि मग फुटून पाण्यात पसरतो. शेवटी चिमूटभर इनो टाकतात. खोलीत अंधार करून बाटलीमागे विजेरी धरल्यास गोळे उजळून दिसतात.

लोणावळा आणि त्याजवळील भुशी येथील हवेत हा प्रयोग करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खोबरेल २४° से.च्या आसपास थिजू लागते, म्हणून थंडीत ते वापरू नये. पावसाळ्यात उघडी राहिलेली इनोची पुडी सादळते आणि तिचा जोर जातो. त्यामुळे पुडी ऐनवेळी फोडावी.

कारणमीमांसा : १ मिलि. पाण्याचे वजन १ ग्रॅम, तर तेवढ्याच तेलाचे सु. ०.९२ ग्रॅम असते. म्हणून तेल वर तरंगते. इनोतील खाण्याचा सोडा व सायट्रिक आम्ल यांची क्रिया तेलात होत नाही. पूड पाण्यापर्यंत पोचली की कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. त्याचे बुडबुडे रंगीत पाण्याला चिकटून ते वर नेतात. पृष्ठभागावर बुडबुडा फुटला की जड पाणी पुन्हा बुडते.

भुशीचा खडक : भुशीचा परिसर सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या खऱ्या लाव्ह्याचा आहे. भूवैज्ञानिक येथील थर लोणावळा उपसमूहात घालतात. खऱ्या लाव्ह्यातही वायूचे बुडबुडे वर सरकत असत. लाव्हा थिजताना अडकलेल्या बुडबुड्यांची भोके प्रवाहाच्या वरच्या भागात जास्त आढळतात. पुढे पाण्यातील खनिजे साचून अनेक भोके झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटीने भरली. काळ्या दगडातले पांढरे ठिपके ते हेच. वायूच्या या हालचालीपुरता घरगुती दिवा दुकानातल्या दिव्यापेक्षा खऱ्या लाव्ह्याला जवळचा आहे.

दक्षता : बुडबुडे येत असताना झाकण लावू नये, वायूच्या दाबाने ते उडते. प्रयोगातले तेल स्वयंपाकात वापरू नये, मोरीत किंवा ओढ्यातही ओतू नये. बाटली जपून ठेवावी. चिमूटभर इनो टाकताच तोच दिवा पुन्हा चालू होतो.