जुन्या जिप्सीला लिफ्ट किट: नेमकं काय उंच होतं आणि काय नाही

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात धनजकडे शेतात जायच्या पांदणीवर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला कसा धरतो, हे तिथल्या पोरांना सांगायची गरज नाही. अशा ठिकाणी जुनी मारुती जिप्सी घेतली की पहिला सल्ला ठरलेला: "दोन इंच लिफ्ट करून टाक!" रीलमध्ये हे काम अर्ध्या मिनिटात होतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघू.

जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली. तिला पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल आणि कमान पाटे आहेत, आणि कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी. लिफ्ट किट म्हणजे जास्त बाक असलेले पाटे किंवा लांब शॅकल, सोबत लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि यू-बोल्ट. यातून चेसिस आणि बॉडी वर जाते. पण अ‍ॅक्सल आणि त्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जिथे होता तिथेच राहतो! चिखलात गाडी बसते ती बहुतेक वेळा हा गोळा टेकल्यामुळे. गोळा वर न्यायचा एकच साधा मार्ग आहे, मोठा टायर. तोही अर्धाच फायदा देतो: टायरचा व्यास २ इंच वाढला, तर गोळा १ इंच वर.

मग लिफ्ट फुकट जाते का? नाही. मोठ्या टायरला जागा मिळते, आणि बांध ओलांडताना गाडीचं पोट किंवा नाक घासत नाही. फक्त चिखलासाठी करत असाल, तर आधी चांगल्या खाचांचे टायर घ्या, असं आमचं स्पष्ट मत.

आणखी एक गोष्ट. जुन्या गाडीचे पाटे दबलेले असतात. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, डावी-उजवी दोन्हीकडे. फरक दिसला तर मूळ मापाचे नवे पाटे आणि बुश टाकूनच गेलेली उंची परत येते. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं.

उंची वाढली की काय बिघडतं?

सगळ्यात आधी ब्रेकचे होज. चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर होज ताणला जात असेल, तर लांब होज लागतोच; इथे जुगाड नको. मग स्टीअरिंग. ड्रॅग लिंकचा कोन वाढला की खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप ओढलं जातं. लांब शॅकलने अ‍ॅक्सल थोडा फिरतो, कॅस्टर बदलतो, आणि वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला आहे; तिथून पुढे-मागे जाणाऱ्या दोन्ही शाफ्टचे कोन वाढतात आणि क्रॉस लवकर जातात. काम सुरू करण्याआधी फोनमधलं लेव्हल अ‍ॅप शाफ्टवर टेकवून कोन टिपून ठेवा, फोटोही काढा. नंतर तुलना करता येते.

सगळ्यात गंभीर मुद्दा गाडी उलटण्याचा. जिप्सीची रुंदी जेमतेम १५४० मिमी. तिचीच आखूड बहीण सुझुकी सामुराई अमेरिकेत १९८८ मध्ये याच शंकेवरून गाजली होती. कन्झ्युमर्स युनियन या ग्राहक संस्थेने तिला नापास केलं, सुझुकी कोर्टात गेली आणि २००४ मध्ये तडजोड झाली. वाद काहीही असो, अरुंद गाडीचं वजन वर नेलं की वळणावरची सुरक्षितता कमी होते, यात दुमत नाही. अ‍ॅक्सलखालचे पाटे अ‍ॅक्सलवर घेऊन ४-५ इंच उचलायचा प्रकार रोजच्या गाडीला तर नकोच.

आरटीओचं काय?

जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. १५ वर्षांनंतर आरसी रिन्यू करताना गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि जुन्या जिप्सीला ते टळत नाही. आरसीची मुदत एमपरिवहन अ‍ॅपवर दिसते. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो, तेव्हा किटचे पैसे देण्याआधी आरटीओत विचारा. एमएच-३७ म्हणजे वाशिमचं ऑफिस.

मूळ उंचीचे पाटे टाकले तरी पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, आणि व्हील अलाइनमेंट व हेडलाइटचा झोत तपासा.