दस्तकापासून 'बिल ऑफ एंट्री'पर्यंत : भारतातील आयातविषयक कागदपत्रांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

व्यापाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने मालाचे प्रकार, सागरी मार्ग आणि जकातीचे दर यांकडे जाते. बंदरात उतरलेला माल ज्या कागदाच्या आधारे पुढे सोडला जातो, तो कागद मात्र दुय्यम मानला जातो. वस्तुतः राज्यसंस्था आणि व्यापारी यांच्यातील संबंधांचे स्वरूप या कागदातूनच स्पष्ट होते. माल कोणाचा आहे, तो कोणता व किती किमतीचा आहे, आणि दिलेली माहिती खरी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कालखंडात वेगवेगळी दिली गेली. या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

व्यापाऱ्याची ओळख हाच आधार

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना रूढ केला. जहाजाचे नाव, नाखवा, शस्त्रे, माल आणि जाण्या-येण्याची बंदरे यांचा त्यात उल्लेख असे. परवाना नसलेले जहाज जप्त होई. येथे कागदाचा मुख्य हेतू संरक्षणाच्या नावाखाली सागरावरील स्वामित्व मान्य करून घेणे आणि जहाजांना पोर्तुगीज ठाण्यांत जकात भरण्यास भाग पाडणे हा होता.

मुघलांच्या सुरत बंदरातही जकातीचा दर व्यापाऱ्याच्या ओळखीवर अवलंबून होता. औरंगजेबाने १६६५ मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांसाठी अडीच टक्के आणि हिंदू व्यापाऱ्यांसाठी पाच टक्के दर ठरविला. १६६७ मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांना पूर्ण सूट मिळाली. परिणामी दुसऱ्याचा माल आपल्या नावावर दाखविण्याचे प्रकार वाढले आणि पुढे ही सूट मागे घ्यावी लागली. जेथे नावावर सवलत मिळते, तेथे नावच विक्रीची वस्तू बनते, हे या प्रसंगातून दिसते.

याच दोषाचे सर्वांत गंभीर रूप बंगालमध्ये प्रकट झाले. बादशहा फर्रुखसियर याने १७१७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीस वार्षिक तीन हजार रुपयांच्या मोबदल्यात जकातमुक्त व्यापाराची सनद दिली. कंपनीच्या मालासोबत 'दस्तक' दिले जाई व ते पाहून चौकीवरील अधिकारी माल सोडत. कंपनीच्या नोकरांनी हे दस्तक स्वतःच्या खाजगी व्यापारासाठी वापरले, इतकेच नव्हे तर देशी व्यापाऱ्यांनाही विकले. जकात भरणारा स्थानिक व्यापारी स्पर्धेत मागे पडला आणि नवाबाचा महसूल बुडाला. तडजोडीचे प्रयत्न कंपनीच्या कौन्सिलने धुडकावल्यानंतर मीर कासीमने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात माफ केली. या निर्णयामुळे दस्तकाचे मूल्यच संपले. त्यातून उद्भवलेल्या संघर्षाचा शेवट १७६४ च्या बक्सारच्या लढाईत झाला. एका परवान्याच्या गैरवापराने प्रांताचे भवितव्य बदलल्याचे असे उदाहरण इतिहासात विरळाच.

मालाच्या उगमाचा विचार

या कालखंडात मालाच्या उगमस्थानाचा विचार करणारे धोरणही आढळते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळ प्रांताच्या अधिकाऱ्यास पाठविलेले पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडल्यास व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वरकडील मिठाचा व्यापार बुडेल, म्हणून बारदेशी मीठ महाग पडेल इतकी जकात बसवावी, असा या पत्राचा आशय आहे. येथे व्यापारी कोण यापेक्षा माल कोठून आला, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

मालाची घोषणा : १८३४ ते १८७८

इंग्रजी राजवटीच्या आरंभी अंतर्गत जकातीचे जाळे कायम होते आणि मालासोबत 'रवन्ना' बाळगावा लागे. चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी १८३४ मधील अहवालात या नाक्यांवरील अडवणूक व लाचखोरी उघड केली. त्यानंतर बंगालमध्ये १८३६, मुंबई इलाख्यात १८३८ आणि मद्रासमध्ये १८४४ मध्ये अंतर्गत जकाती रद्द झाल्या. महसुलाचे केंद्र बंदरांकडे सरकले. परकीय जहाजांतून आलेल्या मालावरील दुप्पट जकातही १८४८ मध्ये संपुष्टात आली. अर्थात, मँचेस्टरच्या कापडाला झुकते माप देणारे दर पुढेही राहिले. तथापि हा पक्षपात आता दरपत्रकातून होत होता.

१८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याने या बदलास निश्चित रूप दिले. मालाच्या धन्याने 'बिल ऑफ एंट्री' म्हणजे आयात घोषणापत्र भरून मालाचे वर्णन, परिमाण व खरे मूल्य जाहीर करावे आणि अधिकाऱ्याने ते तपासावे, अशी रचना रूढ झाली.

परवाना आणि सीमाशुल्क कायदा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये सुरू झालेले आयात नियंत्रण स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या कायद्याने चालू राहिले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे शुल्क भरण्याच्या तयारीपेक्षा परवाना मिळणे अधिक महत्त्वाचे ठरले. कोणाला परवाना मिळाला, या प्रश्नाच्या रूपाने व्यक्तीची ओळख पुन्हा केंद्रस्थानी आली. १९९१ नंतरच्या उदारीकरणात आणि १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याने ही व्यवस्था बरीचशी सैल झाली.

दरम्यान, १८७८ च्या कायद्याची जागा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने घेतली. आजही आयातदारास याच कायद्यान्वये घोषणापत्र दाखल करावे लागते. त्यासोबत विक्रेत्याचे बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग जोडले जाते. मालाचे वर्गीकरण आठ अंकी शीर्षकाखाली करावे लागते. मालाच्या किमतीत वाहतूक व विमा मिळवून मूल्य निश्चित होते. उदाहरणार्थ, हे मूल्य १,००,००० रुपये व मूळ शुल्क १० टक्के मानल्यास शुल्क १०,००० रुपये होते. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १,००० रुपये. या एकूण १,११,००० रुपयांवर १८ टक्के दराने एकात्मिक वस्तू व सेवा कर १९,९८० रुपये होतो. म्हणजे एकूण भार ३०,९८० रुपये. वर्गीकरणातील एका चुकीने हे सर्व गणित बदलते.

जबाबदारीचे स्थलांतर

या संदर्भात २०११ चा बदल विशेष उल्लेखनीय आहे. त्या वर्षीपासून शुल्काची आकारणी आयातदाराने स्वतः करावी, असे तत्त्व स्वीकारले गेले. मालाची सोडवणूक जलद झाली. परंतु नियम समजून घेण्याचे ओझे आयातदारावर आले. हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्यास पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन वसुली करता येते. मोठ्या कंपनीजवळ तज्ज्ञ असतात. प्रयोगशाळेसाठी एखादे उपकरण मागविणारी संस्था किंवा लघुउद्योजक मात्र दलालाच्या सल्ल्यावर विसंबतो आणि घोषणापत्रातील चुकीचे परिणाम स्वतः भोगतो.

मुक्त व्यापार करारांमुळे मालाच्या उगमाचे प्रमाणपत्रही महत्त्वाचे ठरले. त्याआधारे कमी दर मिळत असल्याने गैरवापराची शक्यता निर्माण झाली. त्यामुळे केवळ प्रमाणपत्र सादर करणे पुरेसे नसून उगमाविषयीची माहिती आयातदाराजवळ असली पाहिजे, असा नियम २०२० मध्ये लागू झाला. दस्तकाच्या काळातील समस्येचे हे आधुनिक रूप म्हणता येईल.

निष्कर्ष

कार्ताझ व दस्तक यांनी व्यापाऱ्याची ओळख पटविली, तर 'बिल ऑफ एंट्री'ने मालाची. ही वाटचाल समानतेच्या दिशेने झाली, हे मान्य करावे लागते. तथापि ती सरळ रेषेत झालेली नाही. परवाना पद्धतीत जुनेच तत्त्व नव्या रूपात परतले. सवलत देणारा प्रत्येक कागद गैरवापरास आमंत्रण देतो आणि गैरवापर रोखणारा प्रत्येक नियम प्रामाणिक आयातदाराचेही काम वाढवितो, असे या आढाव्यातून दिसून येते. आकारणीची जबाबदारी आयातदारावर सोपविल्यानंतर ते नियम त्याला समजतील अशा भाषेत उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. अन्यथा पूर्वी नाव नसलेला व्यापारी जसा चौकीवर अडत असे, तसाच आज नियम न समजलेला व्यापारी बंदरावर अडून राहील.