हातगुण कुणाचा?

आमच्या ओझरकडे नव्या डॉक्टरची चौकशी करताना माणसं पदवी शेवटी विचारतात. आधी विचारतात, ‘हातगुण कसा आहे?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आरोग्यसेवा चांगली कशाने ठरते, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. आणि ते महाराष्ट्र प्लेगच्या साथीत फार मोठी किंमत मोजून शिकला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण आढळला. पुढे साथ पुण्यात पोचली. सरकारने साथरोग कायदा केला, रँड यांना पुण्यात नेमलं. मार्च १८९७ मध्ये गोरे सोजीर घरोघर झडती घेऊ लागले. रोग्याची रवानगी इस्पितळात, घरच्यांची छावणीत. रोग्याला वेगळं ठेवावं, हा विचार चुकीचा नव्हता. पण सोजीर थेट माजघरात शिरले आणि लोक रोगी लपवू लागले. लपवलेल्या रोग्याला कोणतं इस्पितळ वाचवणार?

त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रोग्यांना स्वतः घेऊन येत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर आणलं, असं सांगतात. या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगवर हमखास औषध त्यांच्याकडेही नव्हतं. पण त्यांच्यापासून रोगी लपवावा, असं कुणाला वाटलं नसेल.

मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. तरी लोक बिचकत होते. तेव्हा ऐन तारुण्यातल्या आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली. त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक मग पुढे आले. लस तीच होती; भरवसा नवा होता.

मात्र नुसता भरवसाही पुरत नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लसीची एक बाटली दूषित झाली होती. ती उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असं पुढे निष्पन्न झालं. हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर व्हायला १९०७ साल उजाडलं.

आपल्या नाशिकमध्येही २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. डॉक्टर होते, खाटा होत्या, प्राणवायूही आलेला होता.

म्हणून वाटतं, हातगुण एकट्या डॉक्टरचा नसतो. चिमटा उकळणाऱ्याचा, टाकीची जोडणी तपासणाऱ्याचा, दारात आलेल्या घाबऱ्या माणसाशी दोन शब्द बोलणाऱ्याचाही तो असतो. डॉक्टरची चौकशी करताना या हातांचीही करायला हवी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)