कपिलाषष्ठीचा योग

कपिलाषष्ठीचा योग हा मराठीतील एक वाक्प्रचार आहे. क्वचितच लाभणारी संधी किंवा अनेक अनुकूल गोष्टींचे दुर्मीळ जुळून येणे, असा त्याचा अर्थ होतो. कपिलाषष्ठी हे मुळात सूर्य व चंद्र यांच्या आकाशातील स्थानांवर अवलंबून असलेल्या एका पर्वकाळाचे नाव असून तेथूनच हा प्रयोग व्यवहारात आला.

व्युत्पत्ती

'कपिला' म्हणजे पिंगट वर्णाची गाय आणि 'षष्ठी' म्हणजे पक्षातील सहावी तिथी. या पर्वावर सूर्यपूजा व कपिला गाईचे दान विहित मानले आहे. 'योग' हा शब्द संस्कृत 'युज्' (जोडणे) या धातूपासून बनला आहे. पंचांगाच्या पाच अंगांपैकी एका अंगासही योग म्हणतात. वाक्प्रचारात मात्र 'जुळून येणे' हाच अर्थ अभिप्रेत आहे.

पंचांगातील घटक

भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात योग ही चार अंगे एकत्र आली म्हणजे कपिलाषष्ठी होते. त्याच वेळी सूर्य हस्त नक्षत्रात असल्यास पर्व अधिक फलदायी समजतात. पौर्णिमान्त महिने पाळणाऱ्या उत्तर भारतात हीच तिथी आश्विन कृष्ण षष्ठी म्हणून ओळखली जाते.

खगोलीय स्पष्टीकरण

हस्त नक्षत्राचा विस्तार निरयन १६०° ते १७३°२०′ असा असून सूर्य तेथे साधारणतः सप्टेंबरच्या अखेरीस प्रवेश करतो. मराठवाड्यातील शेतकऱ्यांना परिचित असलेला 'हत्तीचा पाऊस' याच काळातला. वद्य षष्ठीस चंद्र सूर्याच्या २४०° ते २५२° पुढे असतो. त्यामुळे तो रोहिणीच्या (४०° ते ५३°२०′) आसपास येणे स्वाभाविक ठरते. सूर्य व चंद्र यांच्या भोगांशांची बेरीज २१३°२०′ ते २२६°४०′ असताना व्यतीपात असतो. उदाहरणार्थ, सूर्य १६५° व चंद्र ५०° असल्यास अंतर २४५° व बेरीज २१५° येते, म्हणजे सर्व अटी पूर्ण होतात.

अधिक मासामुळे भाद्रपद वद्य षष्ठी दरवर्षी मागेपुढे सरकते. त्यामुळे सूर्य प्रत्येक वर्षी त्या तिथीस हस्तात असतोच असे नाही. शिवाय वार हा सात दिवसांचा स्वतंत्र क्रम असल्याने मंगळवारच येईल याची शाश्वती नसते. हा योग ६० वर्षांनी येतो अशी लोकसमजूत आहे. तथापि तो ठरावीक अंतराने येणारा नाही. टिळक पंचांग व इतर प्रचलित पंचांगे यांच्या अयनांशांत सुमारे ४° फरक असल्याने नक्षत्र व योग यांविषयी मतभेदही संभवतात.

लाक्षणिक वापर

'योग येणे' किंवा 'योग जुळणे' अशा क्रियापदांसह हा वाक्प्रचार योजतात. 'चारही भावंडे एका पंक्तीला बसली, हा कपिलाषष्ठीचा योगच म्हणायचा.' कित्येकदा त्यात उपरोधही असतो : 'आज तुम्ही वेळेवर आलात, कपिलाषष्ठीचा योग दिसतो!'

'दुग्धशर्करा योग' व 'मणिकांचन योग' हे प्रयोग याला जवळचे असले तरी समानार्थी नाहीत. त्यांत दोन चांगल्या गोष्टींच्या मिलाफावर भर असतो, तर कपिलाषष्ठीच्या योगात दुर्मीळतेवर.