टाचेतील काटा

काही दुखणी माणसाला अंथरुणाला खिळवीत नाहीत आणि सुखाने चालूही देत नाहीत. टाचदुखी हे त्यांपैकीच एक. रात्रभर झोप घेऊन माणूस सकाळी उठतो, पलंगावरून पाय खाली सोडतो आणि पहिले पाऊल जमिनीला टेकताच टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ उठते. दहा-वीस पावले लंगडत टाकली की ती ओसरते. दिवसभराच्या कामाच्या रगाड्यात तिचा विसरही पडतो. पण घटकाभर बसून पुन्हा उठावे, तर ती परत हजर! विश्रांतीनंतर वाढणारे आणि चार पावले चालल्यावर निवणारे हे दुखणे पाहणाऱ्याला खरेसुद्धा वाटत नाही; त्यामुळे रोग्याच्या वाट्याला वेदनेबरोबर थोडी थट्टाही येते.

सुमारे बारा वर्षांपूर्वी माझ्या मातोश्रींना हे दुखणे जडले. मी तेव्हा नोकरीनिमित्त मध्य भारतातील एका शहरात होतो. सरकारी घराच्या फरशीवर, ओट्यापाशी, त्यांचा निम्मा दिवस उभ्यानेच जाई. क्ष-किरणांचे छायाचित्र काढले, तेव्हा टाचेच्या हाडाला खालच्या बाजूने एक बारीक अणकुचीदार टोक दिसले. ‘हाड वाढले आहे, कापून काढावे लागेल,’ असा निर्णय आम्हांस मिळाला. शस्त्रक्रियेचा दिवसही ठरत आला होता. पुढे दुसऱ्या एका वैद्याने ते छायाचित्र बाजूला ठेवले, मातोश्रींच्या दुसऱ्या, न दुखणाऱ्या टाचेचे छायाचित्र काढविले आणि आमच्यापुढे धरले. त्या टाचेलाही तसेच टोक होते! त्या दिवसापासून या दुखण्याच्या इतिहासाविषयी मला जे कुतूहल वाटू लागले, त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे मांडीत आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांना ही टाच परिचित होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींची गणना करताना ‘वातकंटक’ नावाचा एक विकार सांगितला आहे. पाऊल वेडेवाकडे पडल्याने प्रकुपित झालेला वायू घोट्याच्या आश्रयाने वेदना उत्पन्न करतो, असे त्याचे लक्षण आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हेच लक्षण देताना त्यात एका शब्दाची भर घातली: श्रम. पाऊल वाकडे पडल्याने किंवा श्रमाने हा विकार होतो, असे तो म्हणतो. या वातकंटकात आजच्या शास्त्राने वेगवेगळे केलेले दोन-तीन विकार एकत्र आले असावेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही नावाची समर्पकता विलक्षण आहे. पायात काटा नाही आणि काटा रुतल्याची वेदना मात्र आहे. कारण शोधताना या वैद्यांची दृष्टी पाय जमिनीवर कसा पडतो आणि किती राबतो यावर गेली, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

उपचार मात्र सौम्य नव्हते. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने वातकंटकावर वारंवार रक्तमोक्षण, एरंडेल तेलाचे प्राशन आणि तापविलेल्या सुयांनी डागणे असे उपाय सांगितले आहेत. त्या मानाने चरकाचा दिनचर्येतील उपदेश सर्वांना झेपणारा आहे. पायांना नित्य तेल चोळल्याने त्यांचा खरखरीतपणा, ताठरता, थकवा व बधिरपणा जातो, भेगा पडत नाहीत आणि शिरा व स्नायू आखडत नाहीत, असे त्याने सांगितले आहे. आपल्या घरांत काशाच्या वाटीने तळपाय चोळण्याची जी रीत आहे, ती याच कुळातली. तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून त्यावर टाच शेकण्याचा आजीबाईंचा उपायही आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. या शेकण्याने घटकाभर बरे वाटते, यात शंका नाही. मात्र मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी या विटेपासून दूरच राहावे. कातडी भाजली तरी त्यांना कळत नाही.

आता युरोपाकडे वळू. तेथील वैद्यकीय वाङ्मयात या विकाराच्या पहिल्या वर्णनाचा मान सामान्यतः वुड नावाच्या लेखकाला दिला जातो. साल 1812. त्याने दुखण्याचे कारण ठरविले ते क्षयरोग. त्या काळी क्षयाने युरोपात थैमान घातले होते, तेव्हा टाचेतही तोच दिसावा याचे नवल नाही. लोकांनी मात्र आपल्या नजरेने वेगळे नाव शोधले. दिवसभर रस्त्यावर उभा राहणारा आणि गस्त घालणारा शिपाई हा या दुखण्याचा हुकमी रोगी, म्हणून इंग्रजी बोलीत ते ‘पोलिसाची टाच’ म्हणून ओळखले जाऊ लागले. वैद्यांच्या निदानापेक्षा हे बोलीतले नाव सत्याच्या अधिक जवळ होते.

1895 साली राँटजेन याने क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचे हाड प्रथमच डोळ्यांना दिसू लागले. पाचच वर्षांनी, 1900 साली, प्लेट्नर या जर्मन वैद्याने टाचेच्या हाडाखालच्या त्या टोकाचे वर्णन केले व त्याला टाचेची ‘आर’ म्हणावे अशा अर्थाचे नाव दिले. घोडेस्वाराच्या टाचेला असते तशी ही आर. एवढे टोकदार हाड आणि नेमक्या त्याच जागी दुखणे, मग आणखी पुरावा कशाला हवा? काटा अखेर सापडला, असे वाटले. ‘टाचेचे हाड वाढले आहे’ हे जे वाक्य आजही आपल्या घराघरांत ऐकू येते, त्याचे मूळ येथे आहे.

यापुढचा अध्याय अधिक खेदाचा. 1906 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक विल्यम बेअर याने अशा काही वाढलेल्या हाडांचा संबंध परमा या गुप्तरोगाशी जोडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या म्हणण्यात सत्याचा अंश होता. काही संसर्गांनंतर उद्भवणाऱ्या संधिवातात टाच दुखते, हे आजही मान्य आहे. परंतु थोड्यांचे कारण पुष्कळांना लागू केले, म्हणजे काय होते? दिवसभर उभे राहून टाच दुखविणाऱ्या सरळमार्गी माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. टाचेच्या वेदनेबरोबर त्याने चारित्र्याचा डागही सोसावयाचा! पेनिसिलिन तेव्हा नव्हते आणि शस्त्र हाताशी होते. तेव्हा ते टोक छिनून काढण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि पुढे अनेक दशके होत राहिल्या.

मग या सिद्धान्ताला तडा कशाने गेला? मातोश्रींच्या बाबतीत जे झाले त्यानेच. टाच दुखत नसलेल्या माणसांचीही छायाचित्रे निरनिराळ्या कारणांनी निघू लागली आणि त्यांतील कितीतरी पायांत ती आर सुखाने नांदत असलेली आढळली. उलट, विव्हळणाऱ्या कितीतरी टाचांत तिचा मागमूस नव्हता. हाडाचे टोक हे बहुधा ताणाची खूण असते; वेदनेचे मूळ दुसरीकडे असते.

ते मूळ समजण्यासाठी तळव्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा पसरलेला असतो. शास्त्रात त्याला पादतल-प्रावरणी म्हणतात आणि प्रस्तुत विकाराला प्लँटर फॅसायटिस हे नाव त्यावरूनच पडले आहे. पावलाची कमान धनुष्यासारखी मानली, तर हा पट्टा तिची दोरी होय. 1954 साली हिक्स या इंग्रज संशोधकाने त्याचे कार्य एका सुंदर उपमेने उलगडले. आपण पाऊल उचलताना टाच वर जाते, बोटे मागे वळतात आणि हा पट्टा बोटांच्या मुळांभोवती गुंडाळला जाऊन ताणला जातो, जसा रहाटावर दोर गुंडाळला जावा. त्यामुळे कमान उंचावते, पाऊल कणखर होते आणि शरीराचा भार पुढे रेटला जातो. पावलागणिक हा रहाट फिरतो. टाचेच्या हाडाला जेथे दोर बांधलेला आहे, तेथे हा ताण सर्वांत अधिक बसतो, आणि दुखते तेही तेथेच.

दरम्यान औषधशास्त्रात मोठी क्रांती झाली होती. 1949 साली अमेरिकेत हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवातावर कॉर्टिसोनचा प्रभाव दाखविला आणि 1950 साली त्यांतील हेंच व केंडाल यांना स्वित्झर्लंडमधील राइखस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्याच काळात या वर्गातील औषधे सुईने थेट दुखऱ्या जागी सोडण्याची पद्धत रूढ झाली. टाचेत दाह आहे, दाह शमविला की रोग गेला, असा विचार. सुईने आराम पडतो, हे खरे. पण तो बहुधा काही आठवड्यांचा. शिवाय त्याची किंमत असते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत या विकाराच्या 765 रोग्यांपैकी 51 जणांचा हा पट्टा तुटलेला आढळला आणि त्यांपैकी 44 जणांचे तुटणे या सुईशी निगडित होते. पुढे 2003 साली लेमाँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या 50 नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. त्यांत दाहाची खूण दिसली नाही. दिसली ती झिजलेल्या, विस्कटलेल्या तंतूंची रचना. म्हणजे रोगाच्या नावातील दाहसूचक प्रत्ययच वादग्रस्त ठरला!

याच 2003 साली आणखी दोन गोष्टी घडल्या. रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 रोगी आणि 100 निरोगी माणसे यांची तुलना करून दाखविले, की ताठर घोटा, वाढलेले वजन आणि कामाचा बहुतेक वेळ उभ्याने घालविणे ही या दुखण्याची मुख्य निमित्ते होत. वाग्भटाचा ‘श्रम’ अशा रीतीने नव्या पुराव्यानिशी परत आला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील डीजोव्हानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ टाच दुखत असलेल्या 101 रोग्यांवर एका व्यायामाचा प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम इतका साधा आहे, की सांगताना संकोच वाटावा. सकाळी पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच अंथरुणात बसावे, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढावीत आणि तळवा ताणलेला दहा अंक मोजेपर्यंत धरावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. केवळ पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांना आठ आठवड्यांत अधिक गुण आला. 2014 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी त्यापुढचे पाऊल टाकले. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, पायरीवर एका पायाने सावकाश टाच उचलण्याचा व्यायाम एक दिवसाआड केल्याने तीन महिन्यांत विशेष लाभ होतो, असे त्यांनी दाखविले. पादत्राणांविषयीही असाच दिलासा आहे. व्यायामाच्या जोडीला बाजारात तयार मिळणारी मऊ टाचपट्टी ही मापाने बनविलेल्या महागड्या पट्टीपेक्षा उणी पडत नाही, असे 1999 च्या एका मोठ्या प्रयोगात आढळले. मुतखडा फोडण्याच्या तंत्रातून निघालेल्या आघातलहरींना 2000 साली अमेरिकेत या विकारासाठी परवानगी मिळाली. हट्टी दुखण्यात त्यांचा उपयोग होतो; शस्त्रक्रियेची पाळी फारच थोड्यांवर येते. बहुतेकांची टाच या साध्या उपायांनी वर्षभराच्या आत बरी होते.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. टाचेत बधिरपणा किंवा मुंग्या असतील, रात्री झोपेतही ठणका लागत असेल, टाच सुजली असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी पाठही ताठत असेल, तर दुखणे निराळे असू शकते. अशा वेळी वैद्याची गाठ घेण्यास विलंब करू नये.

मातोश्रींची शस्त्रक्रिया आम्ही रद्द केली. ओट्यापाशी एक उंच तिवई आली, घरात वापरावयाच्या मऊ चपला आल्या आणि सकाळच्या त्या व्यायामाची सवय त्यांना लागली. आठ-नऊ महिने गेले. धीर सुटण्याचे प्रसंगही आले. पण टाच बरी झाली, आणि ते हाडाचे टोक अजून जेथल्या तेथे आहे.

शासनाच्या नोकरीत असल्यामुळे या इतिहासाची एक बाजू मला अधिक जाणवते. आपण टाचेत क्षय पाहिला, हाड पाहिले, दुराचार पाहिला, दाह पाहिला. ज्या माणसाची ती टाच होती, तो दिवसभर कोठे आणि किती वेळ उभा असतो हे विचारावयास मात्र आपल्याला फार उशीर लागला. केरळातील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दहा-दहा तास बसण्याची मुभा नसे. त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि 2018 साली त्या राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दुकानदारांवर बसण्याची सोय करण्याचे बंधन घातले. 2021 साली तमिळनाडूनेही तसा कायदा केला. कायद्याच्या पुस्तकातील ही कलमे दोन-चार ओळींची आहेत. पण टाचदुखीवरील उपचारांच्या इतिहासात त्यांची नोंद व्हावयास हवी. उद्या सकाळी दुकानात किंवा कचेरीच्या दाराशी आपणांस कोणी उभा दिसला, तर त्याच्यामागे एखादे स्टूल आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे.